बैलाच्या शिंगाचा कर्करोग : नाकपुडीवर लक्ष ठेवा



गळीत हंगाम सुरू झाला की गाडीतळावर बैलजोड्यांची रांग लागते. ट्रॅक्टर आले, ऊसतोडणी यंत्रे आली, तरी बैलगाडी अजून हटलेली नाही. जिथे ट्रॅक्टर रुततो, जिथे बांधावरून वाट अरुंद आहे, तिथून फडातला ऊस बाहेर काढायला बैलच लागतात. या बैलांचा खांदा सुजला की आपण लगेच हळद-तेल चोळतो. पत्री निघाली की दुसऱ्या दिवशी नवी मारून घेतो. शिंगाकडे मात्र आपले लक्ष जाते ते फक्त बेंदराला नाहीतर पोळ्याला, तेही रंग लावण्यापुरते. आणि नेमका त्या शिंगाच्या आतच एक असा रोग वाढतो, की तो बाहेर दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्याला शिंगाचा कर्करोग किंवा आपल्या बोलीत शिंगाचा कॅन्सर म्हणतात.

‘जनावराला कुठला आलाय कॅन्सर, तो माणसांचा रोग,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तसे नाही. कॅन्सर म्हणजे शरीरातल्या पेशींनी ताळतंत्र सोडून वाढत सुटणे. पेशी माणसाला आहेत तशा बैलालाही आहेत. माणसाच्या कातडीला जो कॅन्सर होतो, त्यातल्या एका प्रकारात कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशी बेसुमार वाढतात. शिंगाचा कॅन्सर त्याच जातीचा, कातडीच्या कॅन्सरचा सख्खा भाऊच म्हणा. फरक इतकाच, की तो बाहेरच्या कातडीवर न उगवता शिंगाच्या आतल्या अस्तरात उगवतो.

आणखी एक गोष्ट. हा रोग जगात सगळीकडे सारखा दिसत नाही. युरोप-अमेरिकेतल्या पशुवैद्याने अख्ख्या नोकरीत तो पाहिलेला नसेल, पण भारतातल्या पशुवैद्याला तो परका नाही. वशिंडाच्या, म्हणजे देशी जातीच्या गुरांत तो जास्त आढळतो. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या वशिंडाच्या जनावरांतही त्याची नोंद झालेली आहे. आपल्याकडे खिलार, गुजरातेत कांकरेज आणि गीर अशा मोठ्या शिंगांच्या जाती असल्याने हा प्रश्न खास आपलाच आहे. परदेशी पुस्तकात त्याला दोन-चार ओळी मिळतात, म्हणून आपण तरी तो नीट समजून घेतला पाहिजे.

जोडीतला एक बैल बसला तर काय होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. उचल घेऊन, कर्ज काढून बैल घेतलेला ऊसतोड कामगार हंगामाच्या मध्यावर अडकून पडतो. एका बैलावर गाडी चालत नाही, आणि जोडीला जोड लागेल असा दुसरा बैल चार दिवसांत मिळत नाही. सभासदाचेही नुकसान होतेच. तुटलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते आणि उतारा उतरतो. म्हणजे एका बैलाच्या एका शिंगावर दोन घरांचा हिशेब अवलंबून असतो.

शिंग आतून कसे असते

हा रोग समजायचा तर आधी शिंगाची रचना समजली पाहिजे. बाहेरून दिसते ते शिंगाचे टोपण. आपल्या नखासारख्याच कठीण पदार्थाचे ते बनलेले असते. त्याला तासले, घासले तरी वरच्या वर दुखत नाही. या टोपणाच्या आत हाडाचा सुळका असतो आणि तो कवटीला जोडलेला असतो. वासरू लहान असते तेव्हा हा सुळका भरीव असतो. सहा-आठ महिन्यांनंतर मात्र कपाळाच्या हाडातली पोकळी हळूहळू त्या सुळक्यात शिरते आणि मोठ्या जनावराचे शिंग बुडाकडून पोकळ होते. या पोकळीला आतून पातळ अस्तर असते, आणि ही पोकळी पुढे नाकाशी जोडलेली असते.

हे शेवटचे वाक्य पुन्हा एकदा वाचा. शिंगाची पोकळी नाकाशी जोडलेली असते. शिंग मोडलेल्या बैलाच्या नाकातून रक्त येताना अनेकांनी पाहिले असेल, त्याचे कारण हेच. शिंगाच्या कॅन्सरची पहिली वर्दीही बहुधा नाकाकडूनच येते, शिंगाकडून नाही. म्हणून शीर्षकात नाकपुडीचे नाव घेतले आहे.

ओळखायचे कसे

सुरुवातीला बैल नुसता बेचैन दिसतो. गाडीला जुंपलेला असताना उगीचच डोके झटकतो. दावणीला बांधला की एकच शिंग खुंटाला, झाडाला नाहीतर गव्हाणीच्या कडेला घासतो. गडी म्हणतो, ‘खोड लागलीय त्याला.’ खोड नसते ती, शिंगात ठणका असतो. मग हळूहळू बैल डोके एका बाजूला कलते धरू लागतो, ज्या बाजूचे शिंग दुखते त्या बाजूला. पाणी पिताना, चारा खाताना हे चटकन लक्षात येते.

याच सुमाराला एका नाकपुडीतून पातळ स्राव येऊ लागतो. कधी तो लालसर असतो, कधी पुवासारखा, आणि त्याला वास येतो. इथे ‘एका’ या शब्दाला महत्त्व आहे. साधी सर्दी झाली तर बहुधा दोन्ही नाकपुड्या वाहतात. एकच नाकपुडी आठ-आठ दिवस वाहत असेल, रक्ताचा अंश असेल आणि त्याच बाजूचे शिंग बैल घासत असेल, तर तिथे थांबायचे आणि डॉक्टरला बोलवायचे.

नंतर शिंगाच्या बुडाला हात लावला तर दुसऱ्या शिंगापेक्षा ते गरम लागते, बूड सुजलेले आणि मऊ वाटते. बोटाने किंवा लाकडी दांड्याने अगदी हलके टिचकी मारून दोन्ही शिंगांचा आवाज ऐकावा. निरोगी शिंग पोकळ वाजते. आत मांस भरलेले शिंग भद्द वाजते. पिकलेल्या कलिंगडाची पारख करणाऱ्या माणसाला हे सांगायची गरज नाही. पण टिचकी मारताना बैल दुखणाईत आहे हे विसरू नका, तो शिंग उगारेल.

इथपर्यंतचा काळ हा उपचाराचा काळ. यानंतर आतली गाठ हाड खाऊन टाकते आणि शिंग बुडातून ढिले होते. हात लावला तर हलते, बाजूला लोंबते, आणि एखाद्या दिवशी धक्का लागून गळून पडते. आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे लालसर मांस दिसते, थोड्या धक्क्यानेही त्यातून रक्त वाहते. दुर्गंधी सुटते, माशा बसतात, अळ्या पडतात. गाडीतळावर मळी आणि उसाच्या रसामुळे माशांना काय तोटा! लोक म्हणतात, शिंगात किडे पडले. किडे नंतर पडतात, रोग त्याच्या कितीतरी आधीपासून असतो. अळ्या काढल्या, जखम धुतली, चार दिवस बरे वाटले, पण मांस पुन्हा वाढलेच, असा अनुभव येतो तो यामुळे. बैल खंगत जातो. रोग कानाखालच्या, जबड्याजवळच्या गाठींत उतरतो, कधी फुप्फुसापर्यंतही पोचतो.

प्रत्येक वाहती नाकपुडी म्हणजे कॅन्सर नव्हे, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून काहीजण उगीच घाबरतील. बैल झुंजले आणि शिंगाचे टोपण निघाले तर भरपूर रक्त येते, पण हाड शाबूत असेल तर जखम भरून नवे टोपण येऊ लागते. ओढ्याचे पाणी पिताना नाकात जळू शिरली तरी एका नाकपुडीतून रक्त येते. शिंगाच्या पोकळीत नुसताच पू झालेला असू शकतो. यातला फरक डॉक्टर तपासून सांगतात. शंका असेल तर क्ष-किरण तपासणी करतात, नाहीतर गाठीचा छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवतात. तुकडा काढायचा म्हटले की आपल्या मनात येते, ‘छेडले की वाढते.’ या समजुतीने आजवर बरेच बैल घालवले. रोग छेडल्यामुळे वाढत नाही, तो वाढतच असतो. तुकडा तपासला तर आपल्याला ते कळते, एवढेच.

हा रोग होतो कशाने?

या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देणारा कुणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आपल्याकडच्या पशुवैद्यांना हा रोग माहीत आहे, त्यावर भरपूर अभ्यास झाला, पण एकच एक कारण ठरलेले नाही. काय दिसते ते मात्र सांगता येते.

रोग सर्वात जास्त दिसतो तो बैलांत, म्हणजे खच्ची केलेल्या नरांत. त्याखालोखाल गायींत. वळूत क्वचित. म्हशीत तर फारच क्वचित, तिची शिंगे भलीमोठी असूनसुद्धा. वय बहुधा पाच ते दहा वर्षे, म्हणजे बैल ऐन कामात असतो तेव्हा. बहुधा एकाच शिंगाला होतो.

पूर्वी सगळा दोष जुवावर आणि दोरावर टाकत. जू शिंगाच्या बुडाला घासते, कासरा शिंगाला करकचून आवळतात, शिंगे तासतात, त्यामुळे वर्षानुवर्षे ठेच लागून कॅन्सर होतो, असे म्हणत. यात तथ्य असू शकेल. पण गाय कुठे गाडी ओढते? तिलाही हा रोग होतोच. म्हणून एकट्या जुवाला फाशी देता येत नाही. दुसरा तर्क असा, की वळूत तो क्वचित आणि बैलात जास्त, म्हणजे खच्ची केल्यावर शरीरातले जे अंतःस्राव बदलतात त्यांचा काही संबंध असावा. तिसरा तर्क उन्हाचा, चौथा विषाणूचा, पाचवा शिंगांना लावायच्या रंगांचा. प्रत्येकाच्या बाजूने थोडा पुरावा आहे, कुणाच्याच बाजूने पुरेसा नाही. बहुधा दोन-तीन कारणे एकत्र येत असावीत.

मग शेतकऱ्याने करायचे काय? माझे मत असे, की ज्यात बैलाचे काही नुकसान नाही आणि आपला खर्च नाही, ते आजपासून करावे. शिंगाला दोर बांधून बैल ओढू नये, त्यासाठी वेसण आणि म्होरकी आहे. जू शिंगाच्या बुडाला घासत असेल तर शिवळा आणि जुपण्या नीट बसवून घ्याव्यात. शिंगे काचेने किंवा पटाशीने साळून पातळ करण्याची हौस सोडावी. शिंगे साळली की चकाकतात, बाजारात बैल तरणा दिसतो, हे मान्य. पण साळता साळता टोपण इतके पातळ होते की आतल्या जिवंत भागाला इजा पोचते. रंगाचे म्हणाल तर बेंदराला हिंगूळ लावू नका असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही, आणि कुणी ऐकणारही नाही. दुकानातला लोखंडी दाराला लावायचा ऑइल पेंट मात्र वर्षानुवर्षे थरावर थर चढवू नये. त्याने कॅन्सर होतोच असे नाही, पण रंगाच्या जाड थराखाली बुडाला चीर पडली तरी ती दिसत नाही, हे तर खरे आहे.

रोग संसर्गजन्य नाही. दावणीच्या दुसऱ्या बैलाला लागत नाही, गड्याला लागत नाही, घरातल्या पोराबाळांना लागत नाही. त्या जनावराला वाळीत टाकायचे कारण नाही. अळ्या पडलेल्या असतील तर वेगळे बांधावे ते माशांसाठी आणि त्याच्या विश्रांतीसाठी.

शिंग काढणे हाच खरा उपाय

यावर औषधाच्या पुडीने भागत नाही. रोग लवकर कळला तर शिंग मुळापासून काढून टाकणे हाच आजही मुख्य उपाय आहे. शेतकरी इथेच अडखळतो. खिलार बैलाची धनुष्यासारखी मागे वळलेली टोकदार शिंगे म्हणजे त्याची शोभा, आणि मालकाचीही. एका शिंगाचा बैल दावणीला दिसला की येणारा-जाणारा विचारतो. बाजारात त्याची किंमत पडते. हे सगळे खरे आहे. पण जू खांद्यावर असते, शिंगावर नाही. जखम नीट भरली, डॉक्टरांनी परवानगी दिली की एका शिंगाचा बैल गाडी ओढतो, नांगर ओढतो. दोन शिंगांचा मेलेला बैल काही ओढत नाही.

शस्त्रक्रिया कशी करतात ते सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. आदल्या दिवसापासून बैलाला वैरण बंद ठेवायला सांगतात आणि काही तास आधी पाणीही. पोटात वाढे ठासून भरलेला बैल आडवा पाडला तर पोट फुगते, कोठ्यातले नाकातोंडात येऊन श्वास अडकतो. म्हणून ‘उपाशी बघवत नाही’ म्हणून पहाटे गुपचूप पेंढी टाकू नका. बैलाला गुंगीचे इंजेक्शन देतात. डोळा आणि शिंग यांच्या मधल्या हाडाच्या कडेने शिंगाची मज्जातंतू जाते, तिथे आणि बुडाभोवती बधिर करण्याचे औषध टोचतात. मग बुडाची कातडी सोडवून घेतात, तारेच्या करवतीने शिंग बुडातून कापतात, आतला रोगट भाग खरवडून काढतात, रक्तवाहिन्या बांधतात आणि सोडवलेली कातडी एकमेकींवर ओढून शिवतात. बैलाला ओढाताण कळते, कापण्याची वेदना कळत नाही. सुमारे दहा ते चौदा दिवसांत टाके काढतात.

थंडीचे दिवस यासाठी बरे, माशा कमी असतात. पण थंडी म्हणजे नेमका हंगाम. ‘एवढा पट्टा पडू द्या, मग करू,’ असे गाडीवान म्हणतो. त्याची अडचण खोटी नाही. पण फेब्रुवारीत हलणारे शिंग डिसेंबरात नुसते गरम होते, आणि डिसेंबरातली शस्त्रक्रिया बैल वाचवते. फेब्रुवारीत ती वाचवेलच याची खात्री कुणी देत नाही. हाड खाऊन रोग कपाळात शिरला असेल, कानाखालच्या गाठी आल्या असतील तर डॉक्टरही नको म्हणतील. सभासदांना विनंती अशी, की आपल्या फडावर आलेल्या गाडीवानाच्या बैलात ही लक्षणे दिसली तर त्याला थोडी सवड द्यावी. चार खेपा दुसऱ्या गाडीने होतील.

शस्त्रक्रियेनंतरची निगा मालकाची असते. डोके धडकेल अशा ठिकाणी बांधू नये, गव्हाण अडचणीची असेल तर चारा खाली मोकळ्यावर टाकावा. जखमेवर माशी बसू देऊ नये. शेजारच्या बैलाला थोडे लांब बांधावे, तो चाटतो. पट्टी बदलायला डॉक्टरांनी सांगितलेला दिवस चुकवू नये. आणि दोन-तीन महिने त्या जागेवर लक्ष ठेवावे, कारण काही जनावरांत रोग पुन्हा उगवतो.

शस्त्रक्रियेला जोड म्हणून व्हिनक्रिस्टीन नावाचे औषध शिरेतून देतात, साधारणपणे आठवड्याच्या अंतराने. हे औषध कशापासून निघते ते ऐकून आश्चर्य वाटेल. आपल्या अंगणातली सदाफुली! मूळची मादागास्कर बेटावरची ही वनस्पती. तिच्या पानांतून काढलेल्या या औषधाला १९६३ साली अमेरिकेत माणसांच्या कॅन्सरवर वापरायला मंजुरी मिळाली, आणि रक्ताचा कर्करोग झालेल्या कितीतरी मुलांचे प्राण त्याने वाचवले. तेच औषध आज बैलालाही देतात. पण म्हणून कुणी सदाफुलीचा पाला वाटून बैलाला पाजू नये, की शिंगात भरू नये. एक ग्रॅम औषध मिळवायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात, आणि पाल्यात इतरही विषारी द्रव्ये असतात. तयार औषधसुद्धा जपून वापरायचे असते. शिरेबाहेर सांडले तर मांस सडवते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी करते, बैल काही दिवस चारा कमी खातो. ते डॉक्टरांनीच द्यायचे. गाभण गाय, दुभती गाय असेल तर आधी तसे सांगायचे, आणि औषध चालू असताना दूध घरात किंवा डेअरीत द्यायचे की नाही ते विचारून घ्यायचे. घरातल्या गरोदर बाईने त्या इंजेक्शनच्या बाटल्या, सुया हाताळू नयेत.

आपल्या देशात आणखी एक प्रयोग झाला. त्याच जनावराची काढलेली गाठ वाटून, फेनॉलने निर्जीव करून, तिचीच लस त्याला टोचायची. काही जनावरांत गाठी आक्रसल्या, काहींत फरक पडला नाही. म्हणून तिला जोड-उपाय समजावे, शस्त्रक्रियेला पर्याय नव्हे.

काय करू नये

उघड्या शिंगात फिनाईल, रॉकेल, कीटकनाशक ओतणे ही आपल्याकडची जुनी खोड. वर सांगितले ते आठवा, शिंगाची पोकळी नाकाशी जोडलेली आहे. वरून ओतलेले फिनाईल नाकात, घशात उतरते, बैल ठसकतो, गुदमरतो. बिब्बा लावणे, तापलेल्या सळईने डाग देणे यानेही आतला रोग मरत नाही. वरची कातडी तेवढी जळते आणि पुढे शस्त्रक्रियेत जी कातडी ओढून शिवायची, तीच हातची जाते. अळ्या पडल्या असतील तर डॉक्टर येईपर्यंत टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेला बोळा जखमेच्या तोंडाशी ठेवावा, आत ओतू नये.

आणि एक नाजूक गोष्ट. शिंग ढिले झाले की काहीजण बुडाला रंग फासून, वरून गोंडा बांधून बैल बाजारात नेतात. हा व्यवहार नव्हे, दुसऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात दुखणे बांधणे आहे. घेणाऱ्यानेही बाजारात दात पाहताना शिंगाच्या बुडाला हात लावावा, गोंडा सोडून पाहावा, दोन्ही नाकपुड्यांखाली हाताचा तळवा धरून वास घ्यावा. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही कायद्याने बंदी आहे. म्हणजे रोगट बैल शेवटपर्यंत कुणाच्या तरी दावणीलाच राहणार. म्हणूनही वेळीच उपचार करण्यावाचून गत्यंतर नाही.

डोळा आणि चामखीळ

शिंगाइतके नाही, पण डोळ्याच्या कॅन्सरबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आता आपल्या गोठ्यात काळ्या-पांढऱ्या संकरित होल्स्टिन गायी वाढल्या आहेत. ज्या जनावराच्या पापणीची कड गोरी, गुलाबी असते तिला उन्हाचा त्रास जास्त. अमेरिकेत पांढऱ्या तोंडाच्या हेरफर्ड गुरांत हा रोग प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलियात तर कडक उन्हाने मेंढ्यांच्या कानांवर असा कॅन्सर उगवतो. आपल्याकडे पाहायचे ते डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात. तिथे जो पातळ पडदा असतो त्यावर गुलाबी दाणा येतो, एकाच डोळ्यातून पाणी गळते, माशा जमतात. दाणा ज्वारीएवढा असताना डॉक्टर तो भाग बधिर करून पडदाच काढून टाकतात. फार मोठी शस्त्रक्रिया नाही ती, आणि गाय डोळ्याने नीट पाहते. तोच दाणा लिंबाएवढा होऊ दिला तर डोळा काढावा लागतो, कधी तेवढ्यानेही भागत नाही. दुपारच्या उन्हात गोऱ्या पापणीची गाय सावलीत बांधावी, इतके तर आपल्या हातात आहे.

कालवडीच्या मानेवर, तोंडावर, सडांवर ज्या चामखिळी येतात त्या मात्र कॅन्सर नव्हेत. त्या विषाणूमुळे येतात आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप गळतात. त्या एका जनावरापासून दुसऱ्याला लागू शकतात, म्हणून टोचायच्या सुया आणि दावी बदलू नयेत. सडांवर असतील आणि धार काढताना फुटत असतील तर दाखवावे.

कुठे जावे

पहिल्यांदा गावातल्या किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. शस्त्रक्रिया लागणार असेल तर ते तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात पाठवतील. अवघड रोग असेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत. पश्चिम महाराष्ट्राला सातारा जिल्ह्यातले शिरवळ जवळ पडते, मराठवाड्यातून येणाऱ्या गाडीवानांना परभणी आणि उदगीर, विदर्भाला नागपूर, मुंबईकडच्यांना परळ. जाताना बैलाचे वय, नाकपुडी कधीपासून वाहते, आधी काय काय लावले हे खरे सांगावे. बिब्बा लावला असेल तर तेही सांगावे, डॉक्टर रागावतील पण उपचार त्यावरून ठरतो. जनावराचा विमा असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी विमा कंपनीला कळवावे आणि दवाखान्याचा प्रत्येक कागद जपून ठेवावा. बैल ट्रॉलीतून नेताना दुखरे शिंग दांड्याला आपटणार नाही अशा बाजूने बांधावा, आणि दोर म्होरकीला बांधावा, शिंगाला नाही.